दोन ठिगळांची फळी

१

विमानाच्या शेपटाची फळी तुकडे होऊन शेडमधल्या ताडपत्रीवर पडली होती, आणि कारखान्याचे मॅनेजर तिच्याकडे पाठ करून उभे होते.

विमान लहान, चार माणसांचं. नवं विमान तयार झालं की आधी कारखान्याचा पायलट ते एकटा उडवून बघे. त्या सकाळीही तो एकटाच वर गेला. थोडी उंची घेतली असेल-नसेल, शेपटाची फळी मोडली. विमानाने नाक खाली घातलं आणि ते धावपट्टीपलीकडच्या माळावर पडलं. पायलट तिशीतला होता. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं.

"यात शोधण्यासारखं काही नाही, साहेब," मॅनेजर म्हणाले. "फळीत दोष होता, एक्स-रेत सापडला, मिस्त्रीने दुरुस्त केला. दुरुस्ती कच्ची राहिली. तो स्वतः कबूल करतोय. तुमचा शेरा मिळाला की आम्ही पुन्हा कामाला लागू."

"लगेच कबूल केलं?"

"त्याच संध्याकाळी. ओक्साबोक्शी रडत. रडेल नाहीतर काय? पायलट त्याचा जावई होता."

अपघातांची तपासणी हे माझं काम. मी गुडघे धरून खाली बसलो. शेपटाला दोन्ही बाजूंना पसरलेली ही आडवी फळी लाकडाची नसते, धातूचीही नसते. कार्बनच्या धाग्याचं काळं कापड थरावर थर घालून, राळेत भिजवून, भट्टीत भाजून करतात. हलकी आणि पोलादाला भारी. फक्त थरांमध्ये कुठे राळ पोचली नाही तर आत पोकळी राहते. ती बाहेरून दिसत नाही, हाताला लागत नाही. म्हणून प्रत्येक फळीचा एक्स-रे काढतात. पोकळी दिसली की मिस्त्री तेवढे थर गोल कापून काढतो आणि नवं कापड बसवतो. त्याला तिथे सगळे ठिगळच म्हणत.

ठिगळ मला सापडलं. फळीच्या उजव्या टोकाजवळ, ताटलीएवढं. मी खिशातलं नाणं काढून त्यावर हळूहळू वाजवत गेलो. आतून सुटलेलं ठिगळ बद्द वाजतं. हे कडेपासून कडेपर्यंत खणखणीत वाजलं. इतकं सुबक काम मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं होतं.

मग मी फळी मोडली होती तिथे गेलो. ती मोडली होती डाव्या टोकाजवळ.

"मॅनेजर," मी म्हणालो, "ठिगळाला तर काहीच झालेलं नाही. तुमचा मिस्त्री न केलेला गुन्हा का कबूल करतोय?"

२

एक्स-रेच्या खोलीत शिशाचं जाड दार होतं आणि दाराआड सगळे ज्यांना फोटोकाका म्हणत ते गृहस्थ होते. पन्नाशी उलटलेली, पोट सुटलेलं, बोलणं तिरकस.

"या, या. आता माझी पाळी का? मी म्हटलंच, मिस्त्री आधीच रडून बसलाय, आता उरलो मी."

"काम कसं चालतं तेवढं सांगा."

त्यांनी काचेतून यंत्र दाखवलं. फळी उभी करून हळूहळू फिरवतात, एक्स-रे तिच्या आरपार जात राहतो आणि शेकडो करडे फोटो निघतात. पाव कापावा तशा फळीच्या पातळ चकत्या.

"या चकत्या बघून मला कळतं," फोटोकाका म्हणाले. "पण मिस्त्रीला असलं धुरकट काय कळणार? म्हणून आमची रंगारीण. म्हणजे मिस्त्रीचीच लेक. ती कॉम्प्युटरवर सगळ्या चकत्या एकावर एक रचते, पुन्हा अख्खी फळी उभी करते आणि रंग भरते. चांगला भाग निळा, पोकळी शेंदरी. ते चित्र मिस्त्रीच्या टेबलासमोरच्या पडद्यावर लागतं. पोर हुशार. बापाला वाटतं, आपण शिकवली म्हणून हुशार."

"पायलटची बायको हीच?"

"हीच," ते म्हणाले, आणि त्यांचा तिरकसपणा क्षणभर गळून पडला. "तेव्हापासून आली नाही. तिने बसवून दिलंय तसंच मी बटणं दाबून चित्रं काढतो."

"त्या फळीत पोकळ्या किती होत्या?"

"एक. शपथ घेऊन सांगतो, एकच. डाव्या टोकाला."

"आणि ठिगळ उजव्या टोकाला आहे."

फोटोकाकांनी स्वतःचा डावा हात वर केला, मग उजवा.

"ठिगळ लावल्यावर तुम्ही पुन्हा फोटो काढता ना?"

"काढतो. पण ठिगळाचाच. त्याच्याभोवती खडूने गोल केलेला असतो, तेवढ्याच जागेचा. ठिगळ झकास होतं, साहेब. मी पास केलं. टोक कुठलं... टोक मी पाहिलंच नाही. मिस्त्रीचं टोक चुकेल असं कुणाच्या मनात येणार?"

"पहिल्या फोटोतल्या चकत्या दाखवा."

"त्या राहत नाहीत. फार जागा खातात. फळी विमानाला लागली की आपोआप पुसल्या जातात. रंगीत चित्र मात्र आम्ही कधीच पुसत नाही." त्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं. पुन्हा शोधलं. मग खुर्ची मागे सारली.

"नाही," ते म्हणाले. "कुणीतरी पुसलंय. विमान पडलं त्याच दिवशी."

"कुणाला पुसता येतं?"

"मला, मॅनेजरला, मिस्त्रीला, रंगारिणीला. तसं म्हणाल तर झाडूवालीलाही. पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेला आहे."

३

मिस्त्रीचं घर कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर होतं. दार त्यानेच उघडलं. उंच माणूस, पण कुणीतरी खांद्यावर हात ठेवून खाली दाबल्यासारखा दिसत होता. आतल्या एका बंद दाराबाहेर स्टुलावर चहाचा कप होता. चहावर साय धरली होती.

"लेक आत आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "सासूने तिला तोंडावर सांगितलं, तुझ्या बापाने माझा मुलगा मारला. तिथे राहणार कशी? इथे आली. इथेही माझ्याशी बोलत नाही. कशाला बोलेल?"

"ठिगळ पक्कं आहे, मिस्त्री."

त्याने डोळे मिटले. आपलं काम चांगलं आहे म्हटल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटतं. याच्या चेहऱ्यावर भीती उमटली.

"मग माझं टोक चुकलं असेल," तो घाईने म्हणाला. "डावं-उजवं झालं. वय झालं, साहेब."

"आणि चित्र?"

"मीच पुसलं. घाबरलो."

"घाबरलेला माणूस पुरावा पुसतो आणि गप्प बसतो. तुम्ही पुरावा पुसलात आणि त्याच संध्याकाळी जाऊन गुन्हा कबूल केलात. तोही भलताच. ठिगळ कच्चं म्हणून. एवढा उलटा कारभार कशासाठी?"

"डोकं ठिकाणावर नव्हतं. जावई गेला होता माझा. लिहा ना साहेब, मिस्त्रीने मारला म्हणून लिहा. तुमचं काय जातं?"

तेवढ्यात आतलं दार उघडलं. लेक बाहेर आली. केस कसेबसे बांधलेले, डोळे कोरडे. बापाला ओलांडून ती माझ्यासमोर उभी राहिली.

"त्यांना काय विचारताय, काका? मला विचारा. मी किती दिवस सांगत होते, आता थांबा, नजर पूर्वीसारखी राहिली नाही. ऐकतील तर शपथ. म्हटलं, काम सोडत नाहीत तर निदान काम सोपं करू. रंग गडद केले. पडदा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला. त्यांच्या टेबलावर फळी जशी दिसते तसंच सगळं मांडून दिलं. आणखी काय करायचं होतं मी?"

"बाळ, तू आत जा," मिस्त्री म्हणाला.

ती त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "त्यांना सांगा, मला बाळ म्हणू नका."

दार बंद झालं. मिस्त्रीने स्टुलावरचा कप उचलला आणि स्वयंपाकघरात जाऊन दुसरा चहा ठेवला. भांड्याचा आवाज होत होता. वय झालं, असं तो म्हणाला होता. नाण्याने वाजवलेलं ते ठिगळ मला आठवत होतं.

४

मी परत कारखान्यात गेलो आणि मिस्त्रीने अलीकडे दुरुस्त केलेल्या सगळ्या फळ्या मागितल्या. आधी दुरुस्त झालेल्या जुन्या फळ्या केव्हाच विमानांना लागून गेल्या होत्या. गोदामात एकच शिल्लक होती.

गोदामवाल्याने ती फडक्यातून काढून दोन लाकडी घोड्यांवर पालथी ठेवली.

"हिला मिस्त्री फार जपतो," तो म्हणाला. "अपघातानंतर दोन दिवसांनी येऊन परत घेऊन गेला. म्हणाला, जरा घासायची राहिली आहे. मॅनेजरनी त्याला घरी बसवायच्या आधीची गोष्ट. सगळे म्हणत होते, जावई जाऊन दोन दिवस नाही झाले आणि म्हातारा फळ्या कसल्या घासतोय."

फळीला एक ठिगळ नव्हतं. दोन होती.

एक उजव्या अंगाला, एक डाव्या अंगाला. मी टेप काढून मोजलं. मधल्या रेषेपासून दोन्ही सारख्या अंतरावर, पुढच्या कडेपासूनही सारख्याच. चेहऱ्यावर दोन डोळे असावेत तशी. उजवं आधीचं होतं, त्यावरचा रंग वाळून जुना झाला होता. डावं ताजं होतं.

फोटोकाकांना बोलावलं. ही फळी अजून विमानाला लागली नव्हती, म्हणजे तिच्या पहिल्या फोटोच्या चकत्या अजून शिल्लक होत्या. त्यांनी त्या एकेक करून पुढे सरकवल्या.

"एकच पोकळी," ते म्हणाले. "डाव्या अंगाला. उजवीकडे काहीच नव्हतं. अरे देवा. आधी चांगला भागच कापला याने!"

"आणि नंतर ते त्याला कळलं, आणि त्याने गुपचूप खरी जागा दुरुस्त केली."

"म्हणजे दोनदा चुकला? मिस्त्री?" फोटोकाका हसायला गेले, पण हसू आलं नाही. "त्याच्या हातून लागोपाठ दोनदा अशी चूक होणार नाही हो."

"चुकणारा हात कुठेही चुकतो," मी म्हणालो. "थोडा अलीकडे, थोडा पलीकडे. आरशात बघितल्यासारखा नेमका समोरच्या जागी दोनदा चुकत नाही. मिस्त्रीचा हात चुकलेला नाही. त्याला दाखवलेलं काहीतरी उलटं होतं. मला त्याच्या टेबलावर न्या."

५

मिस्त्रीचं टेबल म्हणजे एक मोठा साचा. पलीकडच्या बाजूला खोबण होती, फळीची पुढची कड त्यात बसायची. फळी नेहमी पालथी ठेवायची, कारण ठिगळ पोटाकडून लावतात. पाठ वाऱ्यासाठी गुळगुळीत राहावी लागते. फोटो मात्र पाठीकडून बघायची पद्धत होती, पहिल्यापासून.

"मग चित्रात डावीकडे दिसलेली पोकळी टेबलावर कुठे येते?" मी विचारलं.

"उजवीकडे," फोटोकाका म्हणाले. "उताणा झोपलेला माणूस पालथा केला की त्याचा डावा हात या बाजूचा त्या बाजूला जातो, तसं. पण मिस्त्रीला ते सांगावं लागत नाही. तो पडद्याकडे बघतो, मान अशी वाकडी करतो, पुटपुटतो आणि बरोबर दुसऱ्या बाजूला खडू लावतो. उभा जन्म तेच केलं त्याने."

"आता एखाद्या फळीचं चित्र लावा. रंगारिणीने बसवून दिलंय तसंच."

पडद्यावर निळी फळी उभी राहिली. सुंदर दिसत होती. पुढची कड वर, टोकं दोन्ही बाजूंना. आणि मधल्या भागात बिजागरीचे दोन कान स्पष्ट, पुढे आलेले. त्या कानांनी फळी विमानाला अडकवतात.

"काका, हे कान कुठल्या अंगाला असतात?"

"पोटाला."

"पाठीकडून बघितलं तर दिसतील?"

फोटोकाका पडद्याकडे वाकले. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि धपकन बसले.

मुलीने चित्र पालथं केलं होतं. टेबलावर फळी जशी दिसते तसंच सगळं मांडून दिलं, असं ती माझ्या तोंडावर बोलली होती. म्हाताऱ्या बापाला डोक्यात फळी उलटी करायला लागू नये, म्हणून तिने ती पडद्यावरच उलटी केली. आणि बापाने सवयीने ती डोक्यात पुन्हा उलटी केली. त्यानंतर दुरुस्तीला आलेल्या फळ्या या दोनच. त्याला शेंदरी डाग दिसायचा, तो कान कशाला बघेल?

"तिने त्याला सांगितलं का नाही?" फोटोकाका म्हणाले. "एक शब्द बोलली असती."

"काय बोलणार? बाबा, तुम्हाला आता झेपत नाही, असं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. मॅनेजर दारात येऊन उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मग आता काय लिहिणार?" त्यांनी विचारलं. "नवा मिस्त्री उद्यापासून येतोय. जुन्याने आधीच कबूल केलंय. पोरीचं कशाला..."

"नव्या मिस्त्रीला कुणी सांगितलंय का, की हे चित्र पोटाकडचं आहे?"



६

मी का आलोय ते मिस्त्रीने मला बघितल्याबरोबर ओळखलं. मला आत न घेता तो स्वतःच बाहेर आला, पायरीवर बसला, आणि मागचं दार ओढून घेतलं.

"दोन ठिगळं पाहिलीत," तो म्हणाला.

"पाहिली. चित्रातले कानही पाहिले."

तो रडला नाही. आता रडायला काही शिल्लक नव्हतं.

"विमान पडलं म्हटल्यावर मी आधी पडद्याकडे धावलो," तो म्हणाला. "म्हटलं, बघू तरी आपण काय केलं. आणि कान दिसले. साहेब, इतके दिवस ते समोर होते आणि मला त्या घडीला दिसले. मी उभ्या उभ्या सगळं समजलो. माझ्यासाठी केलं पोरीने. मान दुखते म्हणून रात्री शेक घेत होतो, ते बघत असणार." त्याने तळहात गुडघ्यांवर घासले. "नवरा गेला तिचा. आता हेही तिला द्यायचं? माझा तिटकारा करू दे. तिटकारा करून माणूस जगतं. हे कळल्यावर ती कशी जगेल ते सांगा मला."

"उद्या दुसरा माणूस त्या टेबलाशी उभा राहणार आहे."

"मी त्याला सांगितलं असतं. काहीतरी निमित्त काढून..."

"तुम्हाला फाटकातून आत सोडत नाहीत, मिस्त्री. आणि निमित्त काढून सांगितलेलं माणूस विसरतो. पुन्हा कुणाचा तरी जावई त्या विमानात बसेल. ते चित्र तिनेच सरळ केलं पाहिजे, आणि का सरळ करायचं ते तिला कळल्याशिवाय ती करणार नाही."

"तुम्हाला मुलगी आहे?"

"आहे."

"तरी असं बोलता."

मी त्याच्याशेजारी पायरीवर टेकलो. आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसलो. एक बाई सायकल हातात धरून चढ चढत होती.

मागे दार कधी उघडलं ते आम्हाला कळलं नाही. लेक उंबऱ्यात उभी होती. किती ऐकलं ते तिच्या तोंडावरून दिसत होतं.

"तुम्ही तरीही उलटं करून लावत होतात?" तिने बापाला विचारलं. इतक्या दिवसांत त्याच्याशी बोललेला हा तिचा पहिला शब्द होता.

"सवय गं," मिस्त्री म्हणाला. "हातांना सवय. तुझा काही दोष नाही. मी बघायला हवं होतं."

"मला वाटलं, तुम्ही चित्र बघून तसंच्या तसं लावता. मला वाटलं, मान तुम्ही दिसत नाही म्हणून वाकडी करता." ती चौकटीला धरून खाली बसत गेली. "त्या दिवशी सकाळी मी त्याला डबा दिला, बाबा. हसत होता. म्हणाला, सासऱ्यांच्या हातचं ठिगळ आहे, काळजी कशाला."

मिस्त्री तिच्याजवळ गेला, पण हात लावायचं धाडस त्याला झालं नाही. ती हुंदके देत नव्हती. उकिडवी बसून नुसती पुढे-मागे हलत होती. मी उठून फाटकाशी जाऊन उभा राहिलो. अशा वेळी तिथे थांबण्याचा अधिकार तपासणी करणाऱ्याला नसतो.

बऱ्याच वेळाने ती उठली. तोंड धुऊन आली आणि मला म्हणाली, "काका, गाडी आहे ना? आधी कारखान्यात चला."

मिस्त्रीही बरोबर आला. कारखान्यात तिने कुणाशी शब्द काढला नाही. मिस्त्रीला फाटकावर अडवायला पहारेकरी पुढे झाला, तर तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि तो बाजूला झाला. ती पडद्यासमोर बसली. निळी फळी हळूच फिरली, कान आत गेले, पाठ वर आली. मग तिने चित्राच्या दोन्ही टोकांना मोठ्या अक्षरांत डावं आणि उजवं लिहिलं, आणि फोटोकाकांना सांगितलं, "ठिगळ लागल्यावरही यापुढे अख्ख्या फळीचा फोटो. नुसत्या ठिगळाचा नाही."

"हो, पोरी," फोटोकाका म्हणाले.

"अहवालात माझं नाव लिहा," ती मला म्हणाली.

"लिहीन. ज्यांनी टोक बघितलं नाही आणि ज्यांनी घाई केली, त्यांचंही."

"आता सासूबाईंकडे."

"तिथे मी एकटा जातो," मिस्त्री घाईने म्हणाला. "मी बोलतो. तू गाडीत बस."

"नाही, बाबा. तुम्ही बोललात तर पुन्हा सगळं स्वतःवर घ्याल."

ते घर एका शांत गल्लीत होतं. दाराबाहेर पुरुषी बुटांचा एक जोड अजून तसाच होता. मी गाडीतच बसून राहिलो. दोघं दारापर्यंत गेली आणि तिने घंटी दाबली. सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी मिस्त्रीला पाहिलं आणि दार लोटायला हात पुढे केला. लेक काहीतरी बोलली. हात तिथेच थांबला.

ती बोलत राहिली. मला ऐकू येत नव्हतं. बोलताना तिने एकदा आपले दोन्ही तळहात समोर धरून पालथे केले, मग पुन्हा उताणे. सासूबाई त्या हातांकडे बघत होत्या. मिस्त्रीने भिंतीला हात टेकला.

बोलणं संपलं. मला वाटलं, आता दार बंद होईल, आणि ते बंद झालं असतं तर मी त्या बाईंना दोष दिला नसता.

त्या वळून आत गेल्या. दार उघडंच होतं. थोड्या वेळाने त्या एक खुर्ची घेऊन आल्या आणि ती मिस्त्रीच्या मागे ठेवली. कुणाच्याच तोंडाकडे बघितलं नाही. मग दुसरी आणायला पुन्हा आत गेल्या, तेव्हा मी गाडी सुरू केली.